खिशांतल्या चाकूची पारख

आगगाडीच्या डब्यांत हा प्रसंग पुष्कळांनीं पाहिलेला असतो. कोणीतरी पिशवींतून पेरू काढतो, समोरच्या बाकावरचें मूल त्याकडे टक लावून पाहूं लागतें, आणि मग साऱ्या डब्याला उद्देशून प्रश्न येतो, "चाकू आहे का हो कुणाजवळ?" बहुतेक जण मान हलवितात. एखादे वृद्ध गृहस्थ मात्र खिशांत हात घालतात, बोटाएवढा चाकू उघडतात, रुमालानें पुसतात आणि पेरूच्या फोडी करून देतात. पुढच्या दोन तासांत त्याच चाकूनें कोणाच्या खोक्याची दोरी कापली जाते, कोणाच्या औषधाचें वेष्टन उघडतें, कोणाच्या मुलाची पेन्सिल तासली जाते. गाडी मुक्कामाला पोंचेपर्यंत तो चाकू अर्ध्या डब्याच्या मालकीचा झालेला असतो.

एके काळीं ही वस्तु इतकी दुर्मिळ नव्हती. बोरूनें लिहिण्याच्या दिवसांत चाकूवांचून लिहिणें होतच नसे. बोरूला तोंड पाडावयाचें, तें झिजलें कीं पुन्हां तासावयाचें, हें काम चाकूचेंच. युरोपांत पिसाच्या लेखणीसाठीं हीच सोय होती, आणि इंग्रजींत लहान चाकूला अजूनहि 'पेननाइफ' म्हणतात तें त्या लेखणीच्या आठवणीनेंच. पुढें टांक आला, मग फाउंटनपेन, मग बॉलपेन; पेन्सिलीला टोंक करण्याचें चिमुकलें यंत्र प्रत्येक दप्तरांत आलें; आणि चाकू खिशांतून टेबलाच्या खणांत व खणांतून अडगळींत गेला. गेल्या कांहीं वर्षांत मात्र शहरांतील घरांना त्याची गरज पुन्हां भासूं लागली आहे. घरपोंच येणाऱ्या मालाचीं खोकीं आणि त्यांवरच्या चिकटपट्ट्या वरचेवर दाराशीं येतात, आणि त्या फाडण्यासाठीं किल्ली, नख, दांत आणि स्वयंपाकघरांतील सुरी यांचे हाल चालतात.

चाकू घ्यावा असें मनांत आलें तरी दोन अडचणी पुढें उभ्या राहतात. पहिली अडचण लौकिकाची. मिटणारा चाकू म्हटला कीं शहरांतील माणसाला रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटला कीं हिंदी चित्रपटांतील गुंड आठवतो. उत्तर प्रदेशांतील रामपूरच्या कारागिरांनीं हा चाकू नांवारूपाला आणला. २०२३ सालीं त्या शहराच्या एका चौकांत सुमारें २० फूट लांबीचा चाकू स्मारक म्हणून बसविण्यांत आला, इतका त्या गांवाला त्याचा अभिमान आहे. परंतु लांब पात्याच्या त्या चाकूचा आणि पेरू कापणाऱ्या चाकूचा संबंध तलवारीचा आणि विळीचा असतो तितकाच. खिशांतल्या चाकूचें पातें ६ ते ८ सेंटीमीटर असलें म्हणजे पुरे. एवढ्या पात्यानें आंबा चिरतां येतो, पुठ्ठा कापतां येतो आणि कोणाला भीतीहि वाटत नाहीं.

दुसरी अडचण निवडीची. रस्त्याच्या कडेला शे-दोनशें रुपयांस मिळणाऱ्या चाकूपासून हजारों रुपयांच्या चाकूपर्यंत शेंकडों प्रकार आज बाजारांत आहेत. ते सारे चकाकतात, आणि बहुतेकांवर कोणत्या तरी परक्या देशाचें नांव कोरलेलें असतें. त्यांतून थोड्या पैशांत टिकाऊ चाकू कसा ओळखावा?

याचें उत्तर एका वाक्यांत सांगतां येईल : थोड्या पैशांत थोडींच अंगें चांगलीं होऊं शकतात. चाकू करणाऱ्याला पोलाद विकत घ्यावें लागतें, त्याला पाणी द्यावें लागतें, सांधा जुळवावा लागतो आणि मूठ बसवावी लागते. ज्या किमतींत एक पातें नीट होतें त्याच किमतींत पातें, कातर, करवत, स्क्रू पिळण्याचें टोंक, बूच काढण्याचा फिरका, होकायंत्र आणि दिवा अशीं दहा अंगें भरलीं, तर प्रत्येकाच्या वांट्याला दशांश पोलाद आणि दशांश मेहनत येते. अशा चाकूची कातर कागद चावते, करवत लाकडावर घसरते, आणि ज्यासाठीं तो घेतला तें पातें आठ दिवसांत बोथट होतें. म्हणून स्वस्त चाकू घेणाऱ्यानें अंगें मोजूं नयेत. एक पातें आणि एक सांधा पाहावा.

सांध्याचें महत्त्व विशेष आहे, कारण तेथें केलेली काटकसर पैशाची राहत नाहीं, ती बोटांवर येते. उघडा चाकू मुठींत धरला कीं पातें मिटण्याच्या वाटेंत बरोबर तर्जनी असते. बोटें मिटविणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधणाऱ्या दोऱ्या, तळहाताच्या बाजूनें कातडीखालीं अगदीं वरवर असतात. अशी एखादी दोरी तुटली तर बोट आपण होऊन मिटत नाहीं. शस्त्रक्रिया करून ती शिवावी लागते आणि पुढें कित्येक आठवडे बोट पट्टींत जखडून ठेवावें लागतें. पेटी वाजविणाऱ्याला, शिवणकाम करणारीला किंवा लिहून पोट भरणाऱ्याला हें नुकसान चाकूच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतें.

हा अपघात कापतांना क्वचित् होतो. टोंचतांना पुष्कळ वेळां होतो. कापतांना दाब धारेवर पडतो, आणि तो दाब पात्याला अधिकच उघडें ठेवतो. पण नारळाच्या डोळ्यांत टोंक खुपसून फिरविलें, पट्ट्याला भोंक पाडलें किंवा डब्याचें झांकण पात्याच्या पाठीनें उचकटलें, कीं दाब उलट दिशेनें येतो. मग मुठींतील खिळा हा टेकू होतो, पातें ही तरफ होते, आणि तें झटकन् बोटांकडे वळतें. पात्याला या उलट दाबापासून थांबविणारी कांहीं योजना चाकूंत आहे कीं नाहीं, आणि असली तर ती कितपत भरंवशाची, हें घेणाऱ्याला ठाऊक असलें पाहिजे.

या योजनेचे तीन प्रकार समजून घेण्यास जपान, स्वित्झर्लंड व फ्रान्स या तीन देशांतील चाकूंचीं उदाहरणें फार उपयोगीं पडतात. हे तिन्ही चाकू श्रीमंतांसाठीं झालेले नाहींत. एक शाळकरी मुलांच्या हातीं वाढला, एक शिपायांसाठीं झाला आणि एक डोंगरी शेतकऱ्यांसाठीं. तिघांनाहि शंभरांहून अधिक वर्षें झालीं, आणि तिघांच्याहि घडणींत फारसा फरक पडलेला नाहीं.

पहिला जपानचा 'हिगोनोकामी'. ह्योगो प्रांतांतील मिकी या लोहारांच्या गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो तयार होऊं लागला. पितळेचा किंवा लोखंडाचा एक पत्रा दुमडून मूठ केलेली, तींत एक खिळा आणि एक पातें. कमान नाहीं, खटका नाहीं. पात्याच्या बुडाला एक लहानशी शेपटी असते. चाकू उघडल्यावर ती मुठीच्या पाठीवर येते आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला म्हणजे पातें मिटत नाहीं. पात्याला धरून ठेवणारी शक्ति म्हणजे खिळ्याचा आवळपणा आणि धरणाऱ्याचा अंगठा, एवढीच. जपानी मुलांनीं या चाकूनें पिढ्यान्‌पिढ्या पेन्सिली तासल्या. १९६० च्या सुमारास मुलांच्या हातीं चाकू देऊं नये अशी चळवळ तेथें झाली, पेन्सिलीचीं यंत्रें आलीं, आणि एके काळीं घरोघर असलेला हा चाकू मागें पडला. आज त्या नांवाचा अधिकार मिकी येथील एकाच कारखान्याकडे उरला आहे. अंगठा कधीं ढिला पडूं न देणाऱ्या माणसालाच हा चाकू शोभतो. नवख्यानें यानें आरंभ करूं नये.

दुसरा स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर यानें १८८४ सालीं श्वित्स प्रांतांतील ईबाख येथें चाकूंचा कारखाना घातला आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवूं लागला. शिपायाला जेवणाचा डबा उघडतां यावा आणि नव्या बंदुकीचे स्क्रू काढतां यावे, एवढ्यासाठीं त्यांत पात्याच्या जोडीला मोजकीं तीन अंगें घातलीं होतीं. १८९७ सालीं हलका असा 'अधिकाऱ्यांचा चाकू' निघाला. १९०९ मध्यें एल्सनरची आई वारली. तिच्या स्मरणार्थ त्यानें मालाला 'व्हिक्टोरिया' हें नांव दिलें. पुढें न गंजणारें पोलाद आलें, त्याच्या 'इनॉक्स' या नांवाची जोड मिळाली आणि १९२१ सालीं 'व्हिक्टोरिनॉक्स' हें नांव झालें. या चाकूंतील नेहमींच्या प्रकारांत मुठीच्या पाठींत पोलादी कमान असते. ती पात्याच्या चौकोनी बुडाला दाबून धरते, म्हणून पातें टक् आवाज करून उघडतें आणि टक् आवाज करून मिटतें. ही कमान पात्याला अडवते, पण जखडत नाहीं. जोराचा उलट दाब आला तर ती हार खाते. फळें, कागद, दोरी यांसाठीं ती पुरेशी आहे; टोंचण्यासाठीं तींत वेगळी आरी असते ती वापरावी, आणि तीहि बेतानें. या चाकूच्या लाल मुठीच्या आणि पांढऱ्या फुलीच्या नकला जगभर विकल्या जातात. नकलेंत एक अंग उघडतांना दुसरें सोबत येतें, कमान एका ठिकाणीं घट्ट तर एका ठिकाणीं सैल लागते, आणि मिटलेल्या पात्यांच्या मधल्या फटी सारख्या नसतात.

तिसरा फ्रान्सचा 'ओपिनेल'. आल्प्स पर्वताच्या कुशींतील साव्हुआ प्रांतांत जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलानें १८९० सालीं तो घडविला, आणि १८९७ पर्यंत त्याचे १ ते १२ असे क्रमांकवार आकार ठरले. बीच झाडाच्या लाकडाची गोल मूठ, एक पातें, एक खिळा आणि एक पोलादी कडें, एवढाच त्याचा संसार. १९५५ सालीं या सांध्यावर फिरतें कडें बसविण्यांत आलें. चाकू उघडून कडें बोटानें फिरविलें कीं त्याची फट पात्यासमोरून सरते आणि पात्याची परतीची वाट बंद होते. ही योजना डोळ्यांना दिसते, हाताला कळते, आणि तींत मोडण्यासारखें जवळजवळ कांहीं नाहीं. आठव्या क्रमांकाचें पातें साडेआठ सेंटीमीटरांचें असतें. शहरांतील खिशाला सहावा क्रमांक पुरतो. मुलांसाठीं गोल टोंकाचें पातेंहि मिळतें. लाकडाचा स्वभाव मात्र या चाकूंत येतो : मूठ पाण्यांत भिजली कीं फुगते आणि पातें अडकून बसतें. साव्हुआचे शेतकरी अशा वेळीं कडें मोकळें करून मुठीचें बूड टेबलावर हलकेंच आपटतात, म्हणजे पातें थोडें वर येतें. आपल्याकडे पावसाळ्यांत हा अनुभव हटकून येतो. म्हणून ही मूठ धुवूं नये, पुसावी, आणि वर्षाकांठीं तिला तेलाचा हात द्यावा.

या तिघांखेरीज बाजारांत आज सर्वांत अधिक दिसणारा प्रकार म्हणजे मुठीच्या आंतील पातळ पोलादी पट्टी बाजूनें सरकून पात्याच्या बुडाखालीं उभी राहते तो. पट्टी जाड असेल आणि पात्याच्या बुडाला पुरी टेकत असेल तर हा सांधा चांगला. स्वस्त चाकूंत ती पत्र्यासारखी पातळ असते आणि केवळ कोपऱ्यानें टेकते. असा सांधा जखडल्यासारखा दिसतो आणि प्रसंगीं सुटतो. कमानीचा चाकू वापरणारा निदान सावध तरी असतो. खोट्या खटक्यावर विसंबणारा निष्काळजी होतो, म्हणून हा खोटा खटका कमानीहून वाईट.

सांध्यानंतर पोलाद. लोखंडांत थोडा कार्बन मिसळला कीं पोलाद होतें. तें लाल तापवून झटकन् निववलें कीं कठीण होतें, आणि पुन्हां मंद आंचेवर धरलें कीं त्याचा ठिसूळपणा जातो. यालाच लोहार पाणी देणें म्हणतात. पाणी कमी पडलें तर धार वळते, अधिक झालें तर तिचे टवके उडतात. शेंकडा सुमारें ०.९ कार्बन असलेलें साधें पोलाद फार बारीक धार घेतें आणि घरच्या दगडावर सहज लागतें. पण लिंबू, कैरी, कोकम यांच्या आंबटानें तें काळें पडतें आणि कोंकणच्या हवेंत दोन दिवसांत गंजतें. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून प्रयोग करीत असतां त्याला सुमारें १३ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाचा न गंजण्याचा गुण आढळला. क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि हवा-पाण्याला आंत जाऊं देत नाहीं. हेंच आजचें स्टेनलेस. तेंहि खारट ओलाव्यांत डागाळतें. पण शहरांतील माणसाला, विशेषतः समुद्रकांठच्या, तेंच सोयीचें.

पात्यावरील अक्षरांना किती मान द्यावा हें थोडक्यांत कळून घ्यावें. 'सर्जिकल स्टील', 'जपानी स्टील' हे शब्द कांहींच सांगत नाहींत. नुसतें '४४०' लिहिलेलें असलें तरी अर्थबोध होत नाहीं, कारण ४४०-ए, ४४०-बी आणि ४४०-सी हीं तीन निरनिराळीं पोलादें आहेत. त्यांत कार्बन अनुक्रमें वाढत जातो आणि त्याबरोबर धार टिकण्याची ताकदहि. '४२०' हें बहुधा मऊ असतें. तें गंजत नाहीं, पण धारहि धरत नाहीं. '८ सीआर १३ एमओव्ही' या लांबलचक नांवाचें चिनी पोलाद मात्र कमी किमतींत समाधानकारक निघतें. कठिणपणाचा आंकडा रॉकवेल मापाच्या 'सी' श्रेणींत देतात. तो ५४ ते ५८ असला म्हणजे घरच्या वापराला ठीक. त्याहून कठीण पातें धार फार दिवस टिकवितें खरें, पण ती एकदां गेली कीं साध्या दगडाला दाद देत नाहीं. स्वस्त चाकूचा मोठा गुण धार टिकणें हा नव्हे, धार पुन्हां लवकर येणें हा होय.

आतां दुकानांतील परीक्षा. ती पांच मिनिटांची आहे आणि तींत कांहीं कापावें लागत नाहीं. प्रथम मिटलेला चाकू समोरून पाहावा. पातें मुठीच्या दोन बाजूंच्या बरोबर मध्यें असावें, आणि त्याचें टोंक बाहेर डोकावतां कामा नये. डोकावणारें टोंक खिशालाहि फाडतें आणि हातालाहि. नंतर चाकू उघडून, धारेला न शिवतां पात्याच्या दोन्ही सपाट अंगांना चिमटींत धरावें आणि बाजूला हलवून पाहावें. घरांत अडकित्ता असलेल्या माणसाला ही परीक्षा शिकवावी लागत नाहीं. खिळा ढिला झालेला अडकित्ता सुपारी कातरीत नाहीं, ती निसटवतो. किंचित् हालचाल असेल आणि खिळ्याच्या जागीं स्क्रू असेल तर तो आवळून चालतें; ठोकलेल्या खिळ्याची हालचाल मात्र वाढतच जाते.

तिसरी परीक्षा खटक्याची. बोटें पात्याच्या वाटेंतून बाहेर ठेवून पात्याची पाठ लांकडी टेबलाच्या कडेवर टेकवावी आणि सावकाश दाबावी. खटका असलेला चाकू तसूभरहि वळतां कामा नये. पाठ टेबलावर आपटून पाहण्याची कांहींना हौस असते. तिनें चांगला खटकाहि बिघडतो. चौथी परीक्षा धारेची : पातें दिव्यासमोर धरून धारेकडे सरळ पाहावें. खरी धार दिसत नाहीं. जेथें चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसेल तेथें ती बोथट आहे किंवा मोडली आहे. शेवटची परीक्षा हाताची. मुठींत धरून जोर दिला असतां कोणताहि कोपरा तळहातांत रुतूं नये, आणि ओल्या बोटांनींहि नखाच्या खाचेंतून पातें उघडतां यावें. जाड पातें मजबूत दिसतें म्हणून भुलूं नये. पाठीशीं सुमारें दोन मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून जाड पात्यानें गाजर चिरत नाहीं, फुटतें.

या परीक्षांतून उतरलेला चाकू घरीं आला म्हणजे त्याची खरी किंमत सुरू होते. पुष्कळांची समजूत अशी कीं बोथट चाकू निर्धोक असतो. वस्तुतः बोथट चाकूला जोर अधिक लावावा लागतो, जोर लावला कीं तो घसरतो, आणि घसरला म्हणजे कोठें जाईल याचा नेम नसतो. म्हणून चाकूबरोबरच एक धार लावण्याचा दगडहि घ्यावा. दोन बाजूंनीं दोन प्रतींचा दगड फार महाग नसतो. दगड ओला करून पातें त्यावर प्रथम काटकोनांत उभें धरावें. तो कोन निम्मा केला कीं ४५ अंश होतो, पुन्हां निम्मा केला कीं साधारण २२, आणि त्याहून थोडें खालीं म्हणजे सुमारें २० अंश. हा कोन न बदलतां, दगडावरून पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीनें पातें सरकवावें. कांहीं वेळानें दुसऱ्या बाजूस अंगठा धारेपासून बाहेर ओढला तर बारीक खरबरीत कणी हाताला लागते. ती मुळापासून टोंकापर्यंत लागली म्हणजे एक बाजू झाली. मग दुसरी बाजू, मग दगडाची बारीक बाजू, आणि शेवटीं जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागें ठेवून आठ-दहा वेळां पातें ओढावें. वर्तमानपत्राचा कागद आवाज न करतां चिरला गेला कीं काम संपलें.

रस्त्यानें जाणाऱ्या धारवाल्याकडे स्वयंपाकघरांतील सुऱ्या व विळ्या द्याव्यात. खिशांतला चाकू शक्यतों देऊं नये. जुन्या शिकलगारांच्या हातांत कोणत्या पात्याला किती सोसेल याची जाण असे. वेगानें फिरणाऱ्या चाकावर पातळ पातें क्षणांत तापतें, आणि धार निळसर झाली तर तेथील पाणी उतरलें असें समजावें. सांध्याची निगा सोपी आहे. फळें कापल्यावर पातें लगेच पुसावें, महिन्यांतून एकदां सांध्यांतील धूळ काडीनें काढावी आणि तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल थंडींत थिजतें आणि कालांतरानें चिकट होतें. औषधांच्या दुकानांतील लिक्विड पॅराफिन या कामाला उत्तम, आणि फळांना त्याची बाधा नाहीं.

कायद्याबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. भारतांत १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठीं केलेले चाकू वगळून, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गांत मोडतात. खिशांतला चाकू या मर्यादेच्या पुष्कळ खालीं असतो. तरी बटण दाबतांच पातें उसळणारा प्रकार घेऊंच नये, कारण दिल्लीसारख्या ठिकाणीं त्यावर वेगळे निर्बंध आहेत आणि घरच्या कामाला त्या उसळीचा उपयोगहि नाहीं. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखालीं महाराष्ट्रांत जमावबंदीसारखे हुकूम निघतात तेव्हां चाकू बाळगण्यासहि मनाई होऊं शकते; मिरवणुकीला किंवा सभेला जातांना तो घरीं ठेवावा हें बरें. विमानाच्या प्रवासांत तो हातांतल्या पिशवींत न ठेवतां मोठ्या सामानांत द्यावा, नाहींतर तपासणीच्या टेबलावर कायमचा निरोप घ्यावा लागतो. इंग्लंडमधील मुलाबाळांसाठीं चाकू नेणाऱ्यांनीं तेथील नियम ध्यानांत ठेवावा : तेथें विशेष कारणाशिवाय बाळगतां येतो तो ३ इंचांपर्यंत धारेचा आणि खटका नसलेला, म्हणजे कमानीचाच.

घरांत मूल असेल तर चाकू लपवावा कीं शिकवावा, हा प्रश्न शेवटीं येतोच. लपविलेली वस्तु मुलाला सांपडते ती कोणी जवळ नसतांना. त्यापेक्षां गोल टोंकाचा चाकू, समोर बसलेलें वडील माणूस आणि एक पेन्सिल एवढ्यावर आरंभ करावा. शिकवावयाच्या गोष्टी चार : धार नेहमीं अंगापासून बाहेर, टोंचावयाचें नाहीं, उघडा चाकू घेऊन चालावयाचें नाहीं, आणि दुसऱ्याला द्यावयाचा तर मिटून द्यावयाचा. मिटून देणें ही केवळ रीत नाहीं. घेणाऱ्याला तो आपल्या हातानें उघडावा लागतो, आणि उघडतांना सांधा कसा आहे, खटका लागला कीं नाहीं, हें त्याच्या हाताला कळतें.

आगगाडींतील त्या वृद्ध गृहस्थांचा चाकू बहुधा फार किमती नसतो. त्याच्या मुठीचा रंग गेलेला असतो, पातें धार लावून लावून अरुंद झालेलें असतें. पण तो उघडतांना अडखळत नाहीं, उघडल्यावर डगमगत नाहीं, आणि पेरूच्या बियांपर्यंत सरळ जातो. त्यांत अंगें थोडीं होतीं, म्हणून त्या थोड्यांची निगा राखणें एका माणसाला जमलें.